पियानोची बाजू

१

हे घडलं १९७१ साली. तेव्हा रेकॉर्ड काळी आणि जेवणाच्या ताटाएवढी असे, टेप रिळावर गुंडाळलेली असे, आणि जिना चढताना माझे गुडघे कुरकुरत नसत. मी एका रेकॉर्ड कंपनीत कामाला होते. कव्हरच्या पाठीमागे बारीक अक्षरांत जो मजकूर असतो आणि जो सहसा कोणी वाचत नाही, तो मी लिहायचे.

त्या वर्षी एका पियानोवादक बाईच्या आयुष्यावर चित्रपट निघाला होता आणि त्याची रेकॉर्ड आम्ही काढत होतो. पडद्यावर पियानोपाशी बसलेली नायिका फार सुंदर होती. काळी पट्टी आणि पांढरी पट्टी यांत फरक फक्त रंगाचा असतो, अशी तिची समजूत असावी. खरं वाजवलं होतं ते माईंनी. माई जन्मभर लोकांच्या चित्रपटांत पियानो वाजवत आल्या, पण त्यांचं नाव कधी कुठे छापून आलं नाही. 'वाद्यवृंद' या एका शब्दात त्या इतरांबरोबर मावून जात. या रेकॉर्डवर ते नाव पहिल्यांदा येणार होतं. मजकूर मीच लिहिला होता, साहेबांशी भांडून त्यात माईंचं पूर्ण नाव घातलं होतं, आणि कव्हरं छापून गोदामात येऊनही पडली होती.

नाव पहिल्यांदा यायचं होतं आणि शेवटचंच. कारण माईंची बोटं गेली होती. सांधे सुजले होते, बाजारातल्या आल्याच्या गाठींसारखे दिसत होते. रेकॉर्डिंग झालं तेव्हा निम्मे दिवस बरे आणि निम्मे वाईट जात. आता चहाचा कपही त्या दोन्ही तळव्यांत धरून प्यायच्या.

रेकॉर्डची एक बाजू गाण्यांची होती आणि दुसरी निव्वळ पियानोची. त्या बाजूवर चार तुकडे होते. पहिला संथ, माईंच्या चांगल्या दिवसांतला. मी आयुष्यात खूप संगीत ऐकलं, पण ऐकताना श्वास घ्यायला विसरले ती त्या एकाच वेळी. शेवटचा तुकडा सगळ्यांत लांब आणि वेगवान होता. चारही तुकडे कापून, जोडून एका रिळावर घेतले होते. उरलेली टेप आमच्याकडे पुन्हा वापरत, त्यामुळे जे काही होतं ते त्या एका रिळावरच. दुपारी त्याची नक्कल काढायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्याकडे पाठवायचं, असं ठरलं होतं.

जेवणाची सुट्टी संपली आणि रेकॉर्डिस्ट माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा चुन्यासारखा.

"मॅडम, पहिला तुकडा नाही."

"नाही म्हणजे? टेप हरवली?"

"टेप आहे. आवाज नाही. कोणीतरी पुसलाय."

२

साहेबांनी दार लावून घेतलं. पोलीस नकोत, पेपरवाले नकोत. "उद्या संध्याकाळपर्यंत चार तुकडे पूर्ण असतील तर पियानोची बाजू जाईल. नाहीतर तिथे वाद्यवृंद टाकू आणि कव्हर नव्याने छापू."

"आणि माईंचं नाव?"

"पियानोच नसेल तर पियानोवालीचं नाव कशाला?" साहेब म्हणाले आणि फोन उचलून दुसऱ्या कुणाशी तरी हसून बोलायला लागले.

माझी थोरली बहीण फौजदारी वकील होती. कोर्टाला सुट्टी होती, त्यामुळे ती घरी बसून घरच्यांची उलटतपासणी घेत होती. मी तिला फोन केला.

"कोणी मेलंय का?" ताईने विचारलं.

"नाही गं. एका टेपमधला तुकडा पुसलाय."

"मग मला काय कळवतेस? कोणी मेलं की सांग."

पण ती आली. काखेत पर्स, नाकावर चष्मा, आणि ओठांवर ते हसू, जे पाहून साक्षीदार आपली जन्मतारीखही चुकवत.

मशीनची खोली लहान होती. भिंतींना आवाज शोषणारे भोकांचे तक्ते, मधोमध टेपचं मोठं मशीन, आणि समोर जाड काच. काचेपलीकडे स्टुडिओ आणि तिथे आच्छादन घातलेला पियानो. वाजवणारे काचेच्या त्या बाजूला, मशीनवाले या बाजूला. खोलीची किल्ली चहाच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेली असे. ते सगळ्यांना माहीत होतं.

"सुट्टीत इमारतीत कोण होतं?" ताईने विचारलं.

रीळ त्याने सकाळीच कुलुपातून काढलं होतं आणि सुट्टीपर्यंत तो खोलीतच होता, असं सांगून रेकॉर्डिस्टने नावं घेतली. संगीतकार त्यांच्या खोलीत. नायिका, रेकॉर्डच्या जाहिरातीसाठी पियानोपाशी फोटो काढायला आली होती म्हणून. माई, आणि माईंना धरून आणणारी त्यांची भाची. तो स्वतः कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला गेला होता आणि मी त्याच्या समोरच्याच टेबलावर होते.

"म्हणजे तुम्ही दोघं सुटलात. वाईट वाटलं," ताई म्हणाली. "आता ऐका. बाहेर फक्त एवढंच सांगायचं, पियानोचं रीळ बिघडलंय. काय बिघडलं, किती बिघडलं, कुठे बिघडलं, एक अक्षर नाही. शहाणे, तुझ्या तोंडात काही राहत नाही, तू तर माझ्याजवळच बस."

'शहाणे' म्हणजे मी. लहानपणापासून ती मला त्याच नावाने हाक मारायची, आणि ते कौतुक नव्हतं.

३

संगीतकार खुर्चीत रेलून बसले होते. त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांना ते आवडायचं.

"दादा, पियानोचं रीळ बिघडलंय," ताई म्हणाली.

"कुठला तुकडा?"

"ते सांगायला मी आले नाही. सुट्टीत कुठे होतात?"

"इथेच. झोपलो होतो."

"कोणी पाहिलं?"

"मला झोपलेलं पाहणारी घर सोडून गेली."

ताईला ते आवडलं असावं, कारण तिने चष्मा पुसला. मग म्हणाली, "स्टुडिओत कुजबुज आहे, पहिल्या तुकड्याचे चार सूर तुम्ही दिलेत आणि उरलेली सगळी चाल माईंनी वाजवता वाजवता बांधली."

दादांचे कान लाल झाले. "चाल ज्याच्या नावाने छापली त्याची. वाजवणारा हमाल असतो. पेटी डोक्यावरून नेली म्हणून आतले दागिने हमालाचे होतात का?"

"काल तर तुम्ही हमालाचं कौतुक केलंत म्हणे."

ते मीच तिला सांगितलं होतं. आदल्या दिवशी आम्हा सगळ्यांना बसवून ते रीळ ऐकवलं होतं. माईंची एक सवय होती, प्रत्येक ओळीआधी त्या नाकाने मोठ्याने श्वास ओढत. टेपवर तो ऐकू यायचा आणि दादा त्यावरून त्यांना सगळ्यांदेखत चिडवायचे. शेवटचा तुकडा संपला तशी दादांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "माई, आज पहिल्यांदा तुम्ही वाजवलंत! आधीचे तीन तुकडे म्हणजे नुसतं टायपिंग. आणि शेवटी शेवटी नाकही बंद ठेवलंत, आभारी आहे." सगळे हसले. माईही हसल्या. भाची वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसली.

"कौतुक केलं, कारण शेवटचा तुकडा खरंच अव्वल आहे," दादा म्हणाले. "तोच गेला असेल तर मात्र मी एकेकाचा गळा धरीन. पहिला गेला असेल तर बरं झालं. उगाच लोक त्यात माईंची चाल शोधतात."

नायिका आरशासमोर होती. मागे वळण्याची तसदी न घेता आरशातल्या ताईशीच बोलली.

"बिघडलं? कुठला तुकडा? पहिला नाही ना?"

"पहिलाच का आठवला?"

"मी मासिकात सांगून बसलेय की तो मी स्वतः वाजवलाय." ती खांदे उडवून म्हणाली. "आता कव्हरवर त्या म्हातारीचं नाव. मी खोटी ठरणार. साहेबांना म्हटलं, नाव काढा. तर म्हणे, छापून झालं. सहा महिने बोटं हलवायला शिकले मी, त्याचं कोणाला काही आहे का?"

"तुमच्या चित्रपटाची जाहिरात पाहिली मी," ताई गोड आवाजात म्हणाली. "बोटं नाही, तुम्ही भुवया हलवायला शिकलात."

बाहेर आल्यावर मी ताईचा दंड धरला. "हीच! पहिला तुकडा गेला तर हिचंच फावणार."

"आणि दादांची चोरी झाकली जाणार. आणि माईंना परत वाजवता येणार नाही म्हणून भाचीला बोलावणं येणार. पहिला तुकडा गेल्याने ज्याचं फावत नाही असा माणूस दाखव मला. सगळ्यांचंच फावत असलं ना शहाणे, की समजावं, आपण भलताच प्रश्न विचारतोय."

"मग बरोबर प्रश्न कोणता?"

ताई चालता चालता थबकली. कारण समोरच्या बाकावर माई बसल्या होत्या, आणि त्यांची भाची त्यांच्या पायाशी बसून गरम पाण्याच्या पिशवीने त्यांची बोटं शेकत होती.

४

माईंना पाहिलं की मला नेहमी उठून उभं राहावंसं वाटायचं. पांढरे केस घट्ट बांधलेले, पाठ ताठ. भाची विशीतली. माईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आईबाप गेल्यावर माईंनी तिला घरात घेतलं, पियानो शिकवला आणि रोज टोचून शिकवला. 'हिच्या हातात लाकूड आहे' असं त्या तिच्यादेखत चारचौघांत म्हणायच्या.

"माई, पियानोचं रीळ बिघडलंय," ताईने तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं.

माईंनी डोळे मिटले. मग उघडले. "असो. होतं असं. तुम्ही पोरींनी जिवाला लावून घेऊ नका. उरलेले तीन तुकडे आहेत ना, साहेबांना सांगा, तीन तुकड्यांचीच बाजू काढा. थोडी लहान होईल, इतकंच."

जिच्या आयुष्याचं एकुलतं एक काम मातीत जात होतं, ती बाई मला धीर देत होती. मी ताईकडे पाहिलं. तिचे डोळे मांजरीचे असतात तसे बारीक झाले होते.

"सुट्टीत कुठे होतात?"

"इथेच. मला कोण नेणार कुठे?"

"आणि तू गं?"

भाचीने मान वर केली नाही. "मावशीसाठी पाणी तापवत होते."

"इतका वेळ?"

"स्टोव्ह पेटत नव्हता."

"तू वाजवतेस ना?"

"ती?" माईच हसल्या. "ती पाणी छान तापवते."

भाचीच्या गालावरून पाणी ओघळलं. ते तिने माईंच्या पिशवीवर पडू दिलं नाही, खांद्याने पुसलं आणि शेकत राहिली. ताई मागे फिरली. जिन्यात मी तिला गाठलं.

"इतक्या लवकर आटपलंस? त्या पोरीला अजून विचारायला हवं होतं. ती रडत होती!"

"रडू दे. शहाणे, एक सांग. रीळ बिघडलं म्हटल्यावर दादांनी काय विचारलं? कुठला तुकडा. नटवीने काय विचारलं? कुठला तुकडा. माईंनी काय विचारलं?"

मी आठवून पाहिलं.

"काहीच नाही," ताई म्हणाली. "चारातला एकच गेलाय, हे आपण त्यांना सांगितलं नव्हतं."

५

"शक्य नाही," मी म्हणाले. मशीनच्या खोलीत रेकॉर्डिस्ट होता आणि आम्ही दोघी. "ताई, तू काहीही बोलतेस. पहिला तुकडा म्हणजे माईंचा जीव! तो त्या स्वतः पुसतील?"

"तेच मलाही कळत नाही. लाव ते रीळ. पुसलेलंच ऐकव."

रेकॉर्डिस्टने खोक्यातून रीळ काढलं. ताईने बाहेर लोंबणाऱ्या टोकाला बोट लावलं. ते टोक चुरगळलेलं होतं, जणू दोन-तीनदा हातातून निसटून कोणीतरी पुन्हा पकडलं होतं.

"ही सुरुवात?"

"नाही, हा शेवट," तो म्हणाला. "आम्ही रीळ वाजवून झाल्यावर उलटं गुंडाळत नाही. आहे तसंच खोक्यात ठेवतो. शेवट बाहेर, सुरुवात पोटात. टेप नुसती पडून राहिली तरी एका वेढ्याचा आवाज दुसऱ्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. असं ठेवलं की तो मागून येतो, खऱ्या आवाजात बुडून जातो. म्हणून पुन्हा लावायच्या आधी आम्ही पहिल्यांदा सगळं मागे गुंडाळतो."

"हे कोणाकोणाला माहीत असतं?"

"मशीनच्या खोलीत वावरणाऱ्यांना. दादांना अर्थातच. काचेपलीकडच्यांना कशाला माहीत असेल?"

त्याने रीळ मागे गुंडाळलं आणि सुरू केलं. शांतता. नुसती खरखरही नाही, मेलेली शांतता. ती बराच वेळ चालली. मग 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि पहिल्या तुकड्याच्या शेवटच्या चार ओळी एकदम खोलीत आल्या. त्यांच्या आधी माईंचा तो श्वास.

"थांब. ते टक् काय होतं?"

"पुसताना रेकॉर्डचं बटण दाबलं की टेपवर तसा आवाज बसतो."

"बटण आधी दाबतात ना? मग टक् शांततेच्या आधी हवं. हे शेवटी कसं?"

रेकॉर्डिस्टने वाकून मशीनवरच्या रिळाकडे पाहिलं.

ताई खुर्चीत बसली आणि हसायला लागली. "अरे देवा," ती म्हणाली. "म्हणजे टेप उलट्या दिशेने पळत होती! पुसणाऱ्याने रीळ खोक्यातून काढलं आणि सरळ मशीनवर चढवलं. त्याला वाटलं, बाहेर आहे ती सुरुवात. त्याला शेवटचा तुकडा पुसायचा होता. शेवट म्हणजे रिळाच्या पोटात, नाही का? म्हणून त्याने सगळी टेप भराभर पुढे सोडली, आतल्या टोकाशी अंदाजाने शेवटच्या तुकड्याएवढी जाडी ठेवली, ती कमीच भरली, आणि बटण दाबलं. आणि पुसला पहिला. मग सगळं पुन्हा जसं होतं तसं गुंडाळून ठेवलं."

"एकदा ऐकलं असतं तरी कळलं असतं," रेकॉर्डिस्ट पुटपुटला. "उलटं वाजलं असतं."

"नाही ऐकलं. हेडफोन इथे टांगलेला आहे, बाहेर आवाजही गेला नसता. तरी नाही ऐकलं. ज्याला तो शेवटचा तुकडा पुन्हा एकदाही कानावर पडायला नको होता, असा माणूस." तिने रेकॉर्डिस्टकडे बोट केलं. "आता तू बोल. तो तुकडा माईंनी वाजवलेला नाही. त्यात श्वास नाही. दादांसारखा कानाचा राजा त्यावर विनोद करतो, पण त्याला अर्थ कळत नाही. कोणी वाजवला?"

त्याने काचेपलीकडच्या पियानोकडे पाहिलं.

"भाचीने. माईंनीच हात जोडले होते. बोटं वळत नव्हती. म्हणाल्या, दिवे मालवून घ्या, कोणाला कळायला नको. आम्ही तिघंच होतो."

"आणि काल दादांनी बाकी सगळ्याला टायपिंग म्हटलं," ताई म्हणाली. "जा शहाणे. माईंना घेऊन ये. एकटीला."

"काय करणार आहेस?"

"रीळ ऐकवणार आहे."

६

माई खुर्चीत बसल्या. मशीनच्या खोलीत त्या पाहुण्यासारख्या अवघडून बसल्या होत्या. ताईने रेकॉर्डिस्टला खूण केली.

रीळ फिरायला लागलं. शांतता.

"सुरू नाही झालं वाटतं," माई म्हणाल्या.

"झालंय."

माईंनी माझ्याकडे पाहिलं, मग रिळाकडे. "पहिल्यापासून लावलंय ना?"

"अगदी पहिल्यापासून."

टेप फिरत राहिली. मला वाटलं, ताईने आता तरी सांगून टाकावं. ती नखं पाहत बसली होती. माईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. कोणी भिंतीवरचा रंग खरवडून काढावा तसा. त्या दोनदा काही बोलायला गेल्या. मग 'टक्' झालं, आणि त्यांचा स्वतःचा श्वास त्यांच्यासमोर आला, आणि चार ओळी. उरलेल्या फक्त चार.

"माझा?" माई म्हणाल्या. "माझा गेला?"

"तुम्ही शेवटचा पुसायला गेलात. या खोलीत रीळ शेवट बाहेर ठेवतात. काचेच्या त्या बाजूला जन्म काढलात, तुम्हाला कोण सांगणार?"

मी पुढे झाले. ताईने मला हाताने मागे ढकललं. रीळ चालूच होतं. दुसरा तुकडा झाला, तिसरा झाला. आणि शेवटचा सुरू झाला.

"बंद करा," माई म्हणाल्या.

"पुसण्याआधी ऐकला नव्हतात. आता ऐका."

"ताई, पुरे!" मी ओरडले.

तिने पुरे केलं नाही. तो लांबच लांब तुकडा पुरता वाजला. तो इतका सुंदर होता की मध्येच मी माईंना विसरून गेले. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

शेवटचा सूर विरल्यावर माई बोलल्या. आवाज कोरडा होता. "जन्मभर नाव नव्हतं. तेव्हा वाटायचं, निदान जे वाजवलं ते तरी माझं आहे. आता नाव आलं, तर लोक मला तिच्या वाजवण्यासाठी शाबासकी देणार. मी आभार मानत हिंडू? काढून टाका म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून पुसला." त्या थांबल्या. "तिला सांगू नका."

"नाही सांगणार," ताई म्हणाली. "उद्या सकाळी ती पहिला तुकडा वाजवेल. तुम्ही शेजारी बसाल आणि तिला सांगाल, कुठे थांबायचं, कुठे हळू व्हायचं. तुमच्यासारखाच झाला पाहिजे. नाहीतर सगळी बाजू जाईल."

"आणि नाव?"

"नाव तुमचंच. छापून गोदामात पडलंय."

माईंनी तिच्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली.

"कोर्टात मला इतकी शिक्षा कधी कुणाला देता आली नाही," ताई घरी जाताना म्हणाली. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

७

साहेबांना आम्ही मशीनचा दोष सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाची पियानोपाशी बसली आणि माई तिच्या शेजारी स्टुलावर. "लाकूड," माई मधूनमधून म्हणत, "लाकूड, लाकूड, पुन्हा." दुपार कलायच्या आत तुकडा झाला. हुबेहूब. संध्याकाळी रीळ कारखान्याकडे गेलं.

रेकॉर्ड खूप खपली. एका समीक्षकाने पहिल्या तुकड्याबद्दल लिहिलं, की असं वाजवायला तरुण हात उपयोगाचे नसतात, त्यामागे सबंध आयुष्य लागतं. मी ते कात्रण माईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चष्मा दे," आणि स्वतः पुन्हा वाचलं.

नायिकेला त्या भूमिकेसाठी बक्षीस मिळालं. भाषणात तिने आपल्या बोटांचे आभार मानले. पुढे तिने एका कारखानदाराशी लग्न केलं आणि परदेशी गेली. दादांच्या चाली दोन-तीन वर्षांत जुन्या झाल्या. शेवटी ते लग्नसमारंभांत स्वतःच हार्मोनियम वाजवायचे. त्यांच्या प्रेतयात्रेला मी गेले होते. मोजकी माणसं होती. साहेबांनी कंपनी विकली. ताई कोर्टातच, साक्षीदाराला प्रश्न विचारताना, खाली कोसळली. प्रश्न अर्धाच राहिला. तिच्या पश्चात मला शहाणे म्हणणारं कोणी उरलेलं नाही.

माई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. लोक त्यांच्याकडे सही मागायला येत. पेन धरता येत नसे म्हणून भाची त्यांच्या बोटांभोवती आपली बोटं धरून सही करवून घ्यायची. भाचीच त्यांना भरवायची, न्हाऊ घालायची. तिने पुन्हा कुठेही वाजवलं नाही. तिचं आणि रेकॉर्डिस्टचं लग्न झालं आणि माई त्यांच्याच घरी गेल्या, त्यांच्याच घरी वारल्या.

रेकॉर्डिस्ट गेल्याचं कळलं म्हणून गेल्या वर्षी मी भाचीला भेटायला गेले. आता तीही म्हातारी झालीय. बोलता बोलता मला राहवलं नाही. सगळे गेलेत, आता कुणाला त्रास, असं म्हणून मी तिला त्या दुपारची गोष्ट सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली. कपात साखर ढवळत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी स्टुडिओच्या दारात उभी होते."

"म्हणजे? तू माईंना पुसताना पाहिलंस?"

"पाहिलं. काचेतून दिसत होतं सगळं. आमचं तेव्हा जुळत आलं होतं, मी रोज त्याच्या मशीनच्या खोलीत जाऊन बसायचे. रीळ कसं ठेवतात ते मला पाठ होतं. मावशीने ते सरळ चढवलं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की ती स्वतःचाच तुकडा पुसतेय."

"अगं, मग एक हाक मारायचीस!"

"मारणार होते," भाची म्हणाली. "पण मावशी इतकी मन लावून पुसत होती."